सुईण तीनशे गुणांची

"आणि ही कोण?" सुभेदारांनी तिला चिमटीत धरून उचललं आणि चष्म्यासमोर नेलं.

"सुईण."

"लढाईत?"

"लढाईत माणसं असतात ना? माणसं असतात तिथं सुईण लागते."

"विक्रांतनं हिचे तीनशे गुण धरलेत. हजारातले तीनशे. तेवढ्यात माझी एक तोफ येते, वर पाच भालेकरी."

"मग घ्या की तुम्ही तोफ. मी कुठं नको म्हणते?"

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात सिंहगड रस्त्याला एक मंगल कार्यालय होतं. लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून माझ्या जावयानं, विक्रांतनं, ते एका रविवारापुरतं घेतलं होतं. जावई कंपनीत नोकरीला, पण सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र टेबलावर लढाया खेळायचे. दाराएवढं टेबल, त्यावर थर्माकोलचे डोंगर आणि अंगठ्याएवढे सैनिक. टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि एकमेकांची माणसं आडवी करायची. माणसं तरी कसली? कुणाचे लांब कानांचे तिरंदाज, कुणाची हाडांच्या सापळ्यांची पलटण, कुणाचा पंख फुटलेला, आग ओकणारा साप. खेळणारे सगळे तिशी ओलांडलेले, दाढ्यावाले. त्या दिवशी त्यांची स्पर्धा होती. ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत भुताखेतांची सैन्यं खोक्यांत भरून ठेवली होती आणि ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत आचारी बटाटेवडे तळत होता. पाट्यांवर काय लिहिलंय ते मला लेकीनं सांगितलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

मी रहिमतपूरची कुंभारीण. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मांडायची चित्रं मी घडवते. मावळे, गवळण, भाजीवाली, गुहेतला वाघ. विक्रांत एकदा म्हणाला होता, "आई, आमच्या खेळात आपल्या मातीचंही सैन्य असू दे." म्हणून येताना मी एक टोपली भरून आणली होती.

पण मी काही चित्रं पोचवायला आले नव्हते. मी लेकीला न्यायला आले होते. माझी स्वप्नाली सातव्यात होती. आदल्या दिवशी सासरी तिचं डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. ओटी भरली की लेक घेऊन निघायचं, असा माझा हिशेब. तो मी बोलून दाखवला तर सुभेदार, म्हणजे विक्रांतचे वडील, माझे व्याही, म्हणाले, "ती कुठं जाणार नाही. दवाखाना माझ्या घरापासून सातशे पावलांवर आहे. मी मोजलीत."

"आमच्याकडं काय दवाखाना नाही?"

"आहे. सात किलोमीटरवर. मधे रेल्वेचं फाटक आहे. फाटक कळा मोजून उघडत नसतं."

"आईशिवाय बाळंतपण कसं करायचं पोरीनं?"

"तुम्ही इथं या. राहा तीन महिने. खोली रिकामी आहे."

इथं घोडं पेंड खायचं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे मी माझ्या आईकडून घेतलं होतं आणि चार वर्षं मोडलं नव्हतं. पुण्याला आले की पिशवीत माझी पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी. डोहाळजेवणाला पन्नास बायका पंगतीत जेवल्या, मी जिन्याच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. सुभेदार वरून बघत होते. आधीच घरात बाई नाही, सगळा थाट त्यांनी एकट्यानं मांडलेला. हातातलं श्रीखंडाचं भांडं त्यांनी असं ठेवलं की खालच्या मजल्याला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आम्ही दोघं तोच वाद घेऊन बसलो. स्वप्नाली एका खुर्चीवर बसून आणि दुसरीवर पाय ठेवून वडा खात होती. तिनं वडा संपवला, बोटं पुसली.

"नाशिकचे दोघं आलेले नाहीत," ती म्हणाली. "ते टेबल रिकामं आहे. तुम्ही दोघं तिथं लढा. जो जिंकेल त्याच्या घरी मी बाळंत होईन. पण मग कुणी एक अक्षर काढायचं नाही."

"अगं, मला कुठं येतंय हे?" मी म्हटलं.

"बाबांना तरी कुठं येतंय?"

"मी नियम वाचलेत," सुभेदार म्हणाले.

ते खरं होतं. घरात आलेला कागद वाचल्याशिवाय ते सोडत नसत, खोकल्याच्या बाटलीवरचासुद्धा. विक्रांतनं त्या खेळाचे नियम मराठीत लिहून काढले होते, स्वप्नालीनं ते टाइप करून त्यांची वही बांधली होती, आणि सुभेदारांनी त्या वहीत पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. त्यांना पान क्रमांक तोंडपाठ होते.

नियम विक्रांतनं मला समजावले. दोघांना हजार-हजार गुण. प्रत्येक चित्राचे गुण ठरलेले, त्या हजारात बसेल तेवढं सैन्य घ्यायचं. टेबलाच्या मधोमध एक पडका बुरूज. सहा फेऱ्या झाल्या की बुरुजापाशी ज्याची माणसं जास्त, तो जिंकला. एकच भीती. सेनापती पडला आणि दोघांची पुढची एकेक चाल संपेपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही, तर सगळी फौज पळून जाते. खेळ खलास.

सुभेदारांनी आधी तो आगीचा साप हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि ठेवून दिला. "याला शिस्त नाही," म्हणाले. "मला माणसं पाहिजेत. तीस भालेकरी, घोड्यावरचा सेनापती आणि तोफ."

"वैद्य घ्या, बाबा," विक्रांत म्हणाला. "सेनापती पडला तर?"

"वैद्याला किती?"

"तीनशे."

"दुसरी तोफ कितीला?"

"अडीचशे."

"दुसरी तोफ."

मी माझी टोपली ओतली. मला सैन्य कळत नव्हतं, किल्ला कळत होता. किल्ला म्हटला की दोन पहारेकरी, तटावर मावळे, खाली बाजार. पाणी कोण आणणार? पाणक्या. स्वयंपाक कोण करणार? आचारी. आणि वाघ तर लागतोच, वाघाशिवाय किल्ला पोरं मांडतच नाहीत. मी एकेक उचलायचे आणि विक्रांत वहीत बघून सांगायचा, हा वाघ म्हणजे आमच्यातला राक्षसी पशू, हा आचारी म्हणजे धीर देणारा, ही सुईण म्हणजे वैद्य. भाजीवाली कशात बसेना. "तिला असंच घेऊ," तो म्हणाला, "पाच गुण."

मग सुभेदारांनी सुईण उचलली आणि सुरुवातीला सांगितलं ते बोलणं झालं.

"नुसती सुईण नाही ती," मी म्हटलं. "द्वारकाबाई आहे. हिच्या हातावर स्वप्नाली झाली. आमच्या भट्टीचा धूर तिच्या वाळत्या लुगड्यांवर जायचा, म्हणून तिचं आणि माझ्या सासूचं सात वर्षं बोलणं नव्हतं. मला कळा लागल्या आणि दुसरी कुणी गावात नव्हती. निरोपसुद्धा गेला नव्हता. तिनं भिंतीपलीकडून माझं ओरडणं ऐकलं, आली, दार ढकललं, सासूला म्हणाली, ‘पाणी तापव’, आणि आत गेली."

"मग भांडण मिटलं?"

"कशाचं मिटतंय? दुसऱ्या दिवशी सुरू. पण चहा पीत पीत."

सुभेदारांनी सुईण खाली ठेवली. जरा हळूच ठेवली. "तरी तीनशे जास्तच आहेत," म्हणाले.

लढाई सुरू झाली. दोन म्हातारी माणसं फासे टाकतात म्हटल्यावर शेजारच्या टेबलांवरचे दाढीवाले आपापली भुतं सोडून बघायला आले. पहिल्याच फेरीत सुभेदारांची तोफ उडाली आणि माझी भाजीवाली गेली.

"तिनं काय केलं होतं तुमचं?"

"पुढं कशाला उभी केलीत?"

"बाजार वेशीतच भरतो."

"मग वेशीतच पडणार."

दुसऱ्या फेरीत पाणक्या गेला, सहा मावळे गेले. सुभेदार दर वेळी टेप सरळ धरून मोजायचे, वाकून एक डोळा मिटून बघायचे आणि लष्करी हिंदीत "दागो" म्हणायचे. त्यांचा चेहरा असा खुलला होता की ओळखू येईना. तिसऱ्या फेरीत मात्र उलटं झालं. माझे मावळे त्यांच्या भालेकऱ्यांना भिडले. ज्यांची माणसं पडली त्यांनी धीराचा फासा टाकायचा. माझ्यामागं आचारी उभा होता, माझे टिकले. त्यांचे आठ भालेकरी पळाले ते थेट टेबलाच्या काठावरून बाहेर.

"पान चौदा," सुभेदार स्वतःच पडल्या आवाजात म्हणाले. "ज्या तुकडीजवळ रसद नाही, तिच्या फाशातून दोन वजा."

"बाबा," विक्रांत म्हणाला, "तुम्ही तीस वर्षं लष्कराच्या रसदीतच होतात ना?"

मला हे माहीत नव्हतं. लग्नात त्यांच्या छातीवरची पदकं बघून मला वाटायचं, या माणसानं कुठले कुठले गड घेतले असतील.

"मग आचारी कसा विसरलात, सुभेदार?"

ते थोडा वेळ काठावरून पडलेले भालेकरी गोळा करत राहिले. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोफांना जेवू घातलं, विहीणबाई," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा तरी तोफ आपली असावी."

यावर कुणी हसलं नाही. मीच म्हटलं, "टाका फासा."

चौथ्या फेरीत माझ्या वाघानं एक तोफ खाल्ली. पाचव्या फेरीत तो डोंगराआडून निघाला आणि त्यांच्या सेनापतीवर पडला. मी फासे टाकले. दोन सहा आले. विक्रांतनं वाकून घोडा आणि घोडेस्वार आडवा केला.

आत वडे तळल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आता बाबांकडं वैद्य नाही," विक्रांत मला म्हणाला. "त्यांना त्यांच्या चालीत काही करता येत नाही. तुमची एक चाल राहिली, आई. ती संपली की फौज पळाली. तुम्ही नुसतं ‘झालं’ म्हणा."

सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सेनापतीकडं बघत होते. त्यांनी हात मागं बांधले होते, पोरांच्या हातून काही फुटलं की ती बांधतात तसे.

मी लेकीकडं पाहिलं. मी जिंकले की ती माझ्याबरोबर एसटीत बसणार होती. अंगणात बाज टाकायची, डिंकाचे लाडू वळायचे, शेकशेगडी करायची, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी ‘झालं’ म्हणायला तोंड उघडलं, आणि माझा हात पुढं गेला. वाघाच्या मागं सुईण उभी होती. ती मी उचलली आणि त्या पडलेल्या घोडेस्वाराशेजारी नेऊन ठेवली.

"आई," विक्रांत म्हणाला, "तो बाबांचा आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

"पडलाय तो."

हे तोंडातून गेलं तेव्हा कुठं मला कळलं की मी काय करून बसले. दाढीवाल्यांपैकी एक हळूच म्हणाला, "अरे देवा."

"मागं घेता येतं का?" मी विचारलं.

"हात सुटला की नाही," सुभेदार म्हणाले. "पान तीन."

"पण शत्रूच्या माणसाला उठवलेलं चालतं का?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

विक्रांतनं तोंड उघडलं. "तसं बघितलं तर, आई..."

"चालतं," सुभेदार म्हणाले. "पान एकवीस."

विक्रांतनं बायकोकडं पाहिलं. स्वप्नाली वर छताच्या पंख्याकडं बघत होती. पंखा बंद होता.

घोडेस्वार उभा राहिला. सहाव्या फेरीत तो बुरुजापाशी गेला. मोजणी झाली. त्यांचे सात, माझे सहा. माझ्या सहात एक गवळण होती, तिलाही धरलं, तरी सहाच.

मी चित्रं टोपलीत भरायला घेतली. एकेक फडक्यात गुंडाळत होते आणि कुणाकडं बघत नव्हते. स्वप्नालीला शब्द दिला होता, एक अक्षर काढायचं नाही. ते मी पाळत होते. सुभेदार एका कागदावर दोन वडे घेऊन आले आणि शेजारी बसले.

"घ्या. हे काही लेकीचं घर नाही. कार्यालय आहे. इथलं चालत असेल."

मी घेतला. भूक लागली होती.

"एक सांगू का, विहीणबाई?"

"सांगा. जिंकलाय तुम्ही."

"तुमच्या त्या द्वारकाबाईनं माझ्या सेनापतीला उचलून तुमच्या छावणीत आणा असं म्हटलं नाही. स्वतः चालत आली."

मी वडा खाल्ला. त्यात मिरची फार होती. माझ्या बाटलीतलं पाणी दुपारीच संपलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. माझी एसटी सातची होती. मी टोपली दाराशी ठेवली, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. सुभेदार पेपर वाचत होते. तो सकाळीच वाचून झाला होता.

"सुभेदार," मी म्हटलं, "तुमचा माठ कुठं असतो?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "स्वयंपाकघरात. उजव्या हाताला. चार वर्षं तिथंच आहे."

मी आत गेले. दोन तांबे पाणी प्याले. पाणी गोड होतं, पण तसं मी म्हटलं नाही. बाहेर येऊन म्हटलं, "माठ आमच्याकडचा नाही वाटतं. बूड नीट भाजलेलं नाही."

"पुढच्या वेळी तुमचा आणा," सुभेदार म्हणाले.

एसटी गेली. मी तीन महिने राहिले. घरची भट्टी मुलगा आणि सून बघत होते, मला काम नव्हतं. लाडू तरी किती वळणार? रिकामा माणूस सुभेदारांना बघवत नसे. एक दिवस त्यांनी पाटी आणली. मी म्हटलं, या वयात? ते म्हणाले, "हात तर वळतोय. घोड्याचा पाय वळवता, मग अक्षराचा का नाही?" त्यांनी शिकवायला विक्रांतची ती नियमांची वहीच घेतली, कारण त्यातली सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. तोफेचा त. त्यांनी पहिला तोच काढला. मी म्हटलं, आधी सुईणीचा स. यावर एक सकाळ गेली.

नात झाली. दवाखान्यापर्यंत सुभेदार माझ्यापुढं पावलं मोजत चालले होते. सातशे चाळीस भरली. "घाईत पाऊल आखूड पडतं," म्हणाले.

बाळ दहा दिवसांचं असताना एका सकाळी ते माझ्या मांडीवर होतं. सुभेदार वही घेऊन आले, एक पान उघडलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा."

मी वाचलं. अडखळत, पण एकटीनं वाचलं. ‘वैद्य फक्त आपल्या सैन्यातल्या पडलेल्या माणसाला उठवू शकतो. शत्रूच्या माणसाजवळ नेल्यास ती चाल बाद.’

मी वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. एकवीस. मग पुन्हा ओळ वाचली.

"फक्त?"

"फक्त," सुभेदार म्हणाले.

"म्हणजे जिंकले होते मी."

"सहावी फेरी व्हायलाच नको होती."

विक्रांत दारात उभा होता, तो दूध बघतो म्हणून आत गेला. मी स्वप्नालीला विचारलं, "हे टाइप कुणी केलं होतं?"

"मीच," ती म्हणाली आणि पंख्याकडं बघायला लागली. या वेळी पंखा चालू होता.

त्या टेबलाभोवती पान एकवीस न वाचलेली मी एकटीच होते. मला राग यायला हवा होता. मी तो शोधलाही. पण मांडीवर बाळ असलं की राग धरायला हात मोकळा राहत नाही.

"मग मला शिकवलं कशाला?" मी म्हटलं. "वाचता आलं नसतं तर कळलंही नसतं."

सुभेदारांनी वही मिटली. "खोटी नोंद ठेवून मी कधी रिटायर झालो नाही," ते म्हणाले. "तुम्हाला वाचता येईपर्यंत थांबलो, एवढंच."

"बारसं रहिमतपूरला," मी म्हटलं. "सव्वा महिना झाला की. जिंकलेय मी."

"हुकूम."

सव्वा महिन्यानं सगळे गावी आले. आधी विक्रांत उतरला, मग बाळाला घेऊन स्वप्नाली. सगळ्यांत शेवटी सुभेदार, छातीवर पदकं आणि गळ्यात माझी जुनी पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली. आळी बघायला जमली होती.

"हे काय, सुभेदार?"

"आमच्यात मुलीकडचं पाणी चालत नाही," ते गंभीर तोंडानं म्हणाले.

मी बाटली त्यांच्या गळ्यातून काढली आणि दाराशी भिजत घातलेल्या मातीत ओतली. त्या मातीची त्या दिवाळीला चित्रं झाली. विक्रांतच्या दाढीवाल्यांनी मागितल्या होत्या म्हणून आठ सुइणी केल्या, आणि एक तोफ.

तोफ सुभेदारांकडं आहे. माठाशेजारी असते.